राजा रविवर्मा आणि त्यांचा छापखाना

लक्ष्मी कशी दिसते, असे कुणाही मराठी गृहिणीला विचारले तर ती जे वर्णन करील ते थोड्याफार फरकाने एकच असेल. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर भरजरी साडी, बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि मागे शांत जलाशय. हे वर्णन एखाद्या पुराणातून आपल्यापर्यंत आलेले नाही. ते एका छापील चित्रातून आले आहे. त्या चित्राचा कर्ता होता त्रावणकोर संस्थानातील एक मल्याळी चित्रकार आणि ते चित्र छापून निघाले ते मुंबई-पुणे लोहमार्गाच्या परिसरात. राजा रविवर्मा यांच्या चित्रकलेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या छापखान्याची कहाणी मात्र बहुधा दोन ओळींत उरकली जाते. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे साहस आणि सर्वांत मोठी आर्थिक ठोकर या दोन्ही गोष्टी तिथेच घडल्या.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी किळिमानूर येथे झाला. या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरसंबंध होते. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत. भाच्याच्या हातातील गुण त्यांनीच प्रथम ओळखला आणि चौदा वर्षांच्या या मुलाला त्यांनी तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारी नेले. जलरंगांचे शिक्षण दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांच्या सहवासात झाले. तैलरंगांचे तंत्र मात्र सहजासहजी हाती लागले नाही. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आला, तेव्हा त्याने शिकविण्याचे नाकारले आणि काम करताना पाहण्याची तेवढी मुभा दिली. रविवर्म्यांनी पाहून पाहूनच ती विद्या आत्मसात केली. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. तीन वर्षांनी त्यांची पत्रलेखनात मग्न असलेली शकुंतला मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली. वयाच्या तिशीच्या आत हा माणूस नामांकित झाला होता.

यानंतरच्या कथेत एका मराठी माणसाचा प्रवेश होतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या ग्वाल्हेरकरांना तो आपलाच वाटावा असा आहे. सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडील देशस्थ मराठी कुळातले. १८५७ ते १८७२ ते त्रावणकोरचे दिवाण होते. पुढे काही काळ इंदूरला होळकरांकडे राहून १८७५ मध्ये ते बडोद्याला गेले आणि सयाजीराव गायकवाड वयात येईपर्यंत त्यांनी तेथील कारभार पाहिला. त्रावणकोरच्या या कलावंताचे नाव बडोद्यापर्यंत पोचले त्याचे श्रेय बऱ्याच अंशी माधवरावांकडे जाते. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या प्रसंगी रविवर्मा बडोद्यास आले. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा आता त्यांच्यासोबत असत. तेही चांगले चित्रकार होते आणि निसर्गदृश्यांत त्यांचा हात विशेष चाले. परंतु थोरल्या भावाचा प्रवास, पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळण्यातच त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी नसती तर छापखान्याच्या अडचणींविषयी आज फारच थोडे कळले असते.

१८८४ मध्ये माधवरावांनी रविवर्म्यांना पत्र लिहून एक सूचना केली. चित्रांना सर्वत्र मागणी आहे, एका माणसाच्या हातून ती पुरी होणे शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असा तिचा आशय होता. या सूचनेत व्यवहार होता, तसाच लोकशिक्षणाचा विचारही होता. तैलचित्र हे राजवाड्याच्या भिंतीवर जाऊन बसते. ते पाहण्यासाठी त्या राजवाड्याचे दार उघडावे लागते. रविवर्म्यांनी ती सूचना तत्काळ अमलात आणली नाही, पण ती त्यांच्या मनात रुजली.

तिला अंकुर फुटला तो बडोद्याच्याच कामामुळे. १८८८ मध्ये सयाजीरावांनी रामायण-महाभारतातील प्रसंगांवर चौदा चित्रे सांगितली. द्रौपदी, दमयंती, सुभद्रा, देवकी यांना कोणती वस्त्रे नेसवावीत, हा साधा वाटणारा प्रश्न वास्तविक फार अवघड होता. कारण साऱ्या हिंदुस्थानाने आपली म्हणावी अशी वेशभूषा कुठेच नव्हती. दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात हिंडले, तेथील पोशाख त्यांनी न्याहाळले, आणि अखेर त्यांच्या पौराणिक नायिकांच्या अंगावर बहुतांशी आली ती साडीच, आणि तीही अनेकदा मराठी वळणाची. याच दशकात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या संगीत नाटकांनी मराठी प्रेक्षकाला वेड लावले होते, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. रविवर्म्यांच्या चित्रातील पात्रांची उभे राहण्याची, मान वळविण्याची ढब रंगभूमीच्या अगदी जवळची आहे. टीकाकारांनी पुढे तो दोष मानला. सामान्य प्रेक्षकाला मात्र त्यामुळेच ती चित्रे ओळखीची वाटली.

१८९० मध्ये चौदाही चित्रे पूर्ण झाली. तिरुवनंतपुरम, बडोदा आणि मुंबई येथे ती लोकांना दाखविण्यात आली तेव्हा त्यांच्याभोवती अलोट गर्दी लोटली. कधीही राजवाड्यात पाऊल न ठेवलेली माणसे ती पाहून गेली आणि त्यांची छायाचित्रे विकत घेऊन गेली. माधवरावांचे म्हणणे किती अचूक होते याचा प्रत्यय रविवर्म्यांना बहुधा तिथेच आला असावा. पण युरोपात चित्रे पाठविण्याऐवजी त्यांनी छापखानाच इथे आणावयाचे ठरविले.

रंगीत चित्रे छापण्याचा हा देशातील पहिलाच प्रयत्न नव्हे. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली होती आणि तिच्या रामपंचायतनासारख्या चित्रांनी मराठी घरांत आधीच जागा मिळविली होती. कलकत्त्यातही तसे कारखाने होते. परंतु तैलचित्राचा आभास निर्माण करणारी, कॅनव्हासचा पोत आणि तैलरंगांची झळाळी घेऊन येणारी ‘ओलिओग्राफ’ पद्धतीची चित्रे तोवर परदेशातूनच येत. रविवर्म्यांनी गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याशी भागीदारी करून मुंबईत गिरगाव येथे छापखाना उभारला. यंत्रे जर्मनीतून आली, तंत्रज्ञही जर्मन. जुलै १८९४ मध्ये शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिल्यांदा छापून बाहेर पडले आणि त्यामागोमाग लक्ष्मी, सरस्वती आल्या.

या छपाईचे काम किती कष्टाचे होते याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या जड शिळेवर तेलकट शाईने चित्र उलटे काढावयाचे. शिळा ओली केली की पाणी मोकळ्या भागावर राहते आणि शाई तेलकट रेषांनाच धरते. हे झाले एका रंगाचे. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा. एका चित्राला अनेक शिळा लागत आणि तोच कागद त्या सर्वांवरून एकामागून एक जाई. केसभर सरकला तरी देवीचा ओठ गालावर जाऊन बसे. मूळ चित्रातील एकेक छटा ठिपक्याठिपक्यांनी शिळेवर उतरविणारे कारागीर हे या धंद्याचे खरे आधारस्तंभ. त्यांची नावे मात्र चित्रावर कधी आली नाहीत. शेवटी वार्निशाचा हात देत आणि काही चित्रांवर कॅनव्हासासारखा पोत दाबून उठवीत. विकत घेणारेही आपल्या परीने त्यात भर घालीत. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, मणी चिकटवून काचेच्या चौकटीत बसविण्याची हौस घरोघरच्या स्त्रियांना होती आणि असे मढविलेले छाप आज संग्राहकांना अधिकच मोलाचे वाटतात.

चित्रे खपत होती, तरी छापखाना तोट्यात होता. चित्रकाराला रंगाची पारख असते, उधारीची नसते, असे म्हणून हा विषय संपविणे सोपे आहे, पण ते पुरते न्यायाचे होणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. शहर ओस पडू लागले, मजूर गावी पळाले. छापखाना आधी घाटकोपरला आणि पुढे १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवावा लागला. भागीदारी मोडली होती, कर्ज वाढत होते, आणि कारखान्याचा भार वाहणारे राजराज वर्मा मूळचे कलावंतच होते. याच वर्षांत रविवर्मा संस्थानोसंस्थानी हिंडून व्यक्तिचित्रे करीत होते. १९०१ मध्ये उदयपूर, १९०२ मध्ये हैदराबाद असा हा प्रवास चालला होता. हैदराबादच्या मुक्कामाने तर त्यांची निराशाच केली. कुंचल्याची कमाई छापखान्याने गिळावी आणि छापखान्याने दिलेल्या कीर्तीमुळे कुंचल्याला पुन्हा काम मिळावे, असे ते विचित्र चक्र होते. अखेर विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी छापखाना आपलाच जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर याला विकला आणि अनेक चित्रे छापण्याचे हक्कही त्याच्या स्वाधीन केले.

हा सौदा चुकला की बरोबर ठरला, याविषयी मतभेद आहेत. कर्जाच्या पाशातून सुटका झाली हे खरे. पण आपल्याच चित्रांवरचा ताबा चित्रकाराच्या हातून गेला. श्लायशर हिशेबी धंदेवाईक होता. त्याने इतर चित्रकारांची चित्रेही त्याच छापखान्याच्या नावाने काढली आणि व्यापारी कंपन्यांच्या जाहिरातींसाठी देवदेवतांची चित्रे वापरू दिली. तेव्हा ‘रविवर्मा प्रेस’ असे नाव दिसले म्हणजे ते चित्र रविवर्म्यांचेच, असे धरून चालणारा ग्राहक तेव्हाही फसत असे आणि आजही फसतो.

विक्रीचे जाळे मात्र मराठी माणसांनी भक्कम विणले होते. मुंबईच्या मोतीबाजारातील अनंत शिवाजी देसाई यांचे नाव अनेक छापांच्या तळाशी आढळते. हे मालवणकडचे देसाई टोपीवाले. मालवणची शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले. जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा रविवर्म्यांच्या चित्रांतले देव चालू-बोलू लागल्यासारखे, किंवा मूकपटाच्या बाबतीत निदान चालू लागल्यासारखे, लोकांना वाटले असल्यास नवल नाही. मळवली हे जी.आय.पी. रेल्वेचे स्थानक, १९०० मध्ये इंडियन मिडलंड रेल्वे तिच्यात विलीन झाल्यावर ग्वाल्हेरही त्याच कंपनीच्या रुळांवर आले. मराठी मुलखाबाहेरच्या मराठी घरांत ही चित्रे पोचण्यास असे मार्ग मोकळे होते.

चिनी मातीच्या वस्तूंवरही या चित्रांची छाप पडली. जर्मनीत तयार झालेल्या देवदेवतांच्या पोर्सेलिनच्या मूर्ती रविवर्मा चित्रांवरून घडविलेल्या असत. तमिळ देशातील चेट्टियारांच्या वाड्यांत त्या हौसेने ठेवल्या गेल्या. जपानी कारखान्यांनी हिंदुस्थानसाठी बनविलेल्या रंगीत फरशांवरही ही रूपे उमटली. या नकलांचा एक पैसाही चित्रकाराला मिळाला नसणार.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. १९०४ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले, म्हैसूरच्या राजवाड्याचे मोठे काम हाती आले. पण जानेवारी १९०५ मध्ये राजराज वर्मा निवर्तले. उजवा हातच गेला म्हणावे असा तो आघात होता. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने आणखी दीड-पावणेदोन वर्षे तग धरला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, रविवर्मा यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांना त्यांच्या चित्रांत युरोपीय अनुकरण आणि नाटकीपणा दिसला. बंगालच्या नव्या चित्रशैलीच्या उदयकाळात तेच मत रूढ झाले. छापचित्रांमुळे ही टीका अधिक धारदार झाली, कारण बाजारातील भडक छापावरून मूळ चित्राची परीक्षा होऊ लागली. या टीकेत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाण्याची बंदी होती, त्यांच्या घरात थोड्या पैशांत देव आला तो या भडक छापांतूनच, हे टीकाकारांच्या ध्यानात आले नाही.

मतप्रवाह पालटण्यास बराच काळ जावा लागला. १९७९ मध्ये रविवर्म्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलासंपदेचा दर्जा देण्यात आला. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. छापचित्रांकडेही संग्राहकांचे लक्ष वळले आणि त्याबरोबर बाजारात नकलाही आल्या. अस्सल छाप ओळखण्याची साधी खूण अशी की भिंगातून पाहिल्यास शिळाछापाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. आधुनिक ऑफसेट छपाईत ते एकसारख्या जाळीत बसलेले असतात. तळाशी छापखान्याचे नाव आणि कार्ला-लोणावळा किंवा मळवली असा ठिकाणाचा निर्देश आहे का, तेही पाहावे.

मळवलीचा कारखाना श्लायशरच्या मागेही चालू राहिला. १९७२ मध्ये त्याला आग लागली आणि तिथे जतन असलेले कित्येक मूळ छाप जळून गेले. जे वाचले ते बव्हंशी लोकांच्या घरी होते. देवघरांतील काचेच्या चौकटींत, जुन्या पेट्यांच्या तळाशी आणि माळ्यावरच्या अडगळीत.