विश्लेषण : ‘ब्लॅक बेल्ट’च्या अभ्यासक्रमाशी रोह्याच्या सी. डी. देशमुखांचा काय संबंध?

धाटाव, महाड, थळ... रायगडच्या किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी रासायनिक कारखाने उभे आहेत. तिथल्या गुणवत्ता विभागात काम करणारा तरुण ‘सिक्स सिग्मा’च्या ग्रीन बेल्ट किंवा ब्लॅक बेल्ट परीक्षेच्या तयारीला लागतो, तेव्हा पुस्तकात त्याला शूहार्ट, डेमिंग, तागुची अशी अमेरिकी-जपानी नावे भेटतात. ही तिन्ही माणसे १९४०-५० च्या दशकांत भारतात येऊन गेली होती. त्यांचा संबंध आला तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेशी. त्या काळात या संस्थेचे अध्यक्ष होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रोह्याच्या देशमुख घराण्यातले.

देशमुख स्वतः परीक्षार्थी म्हणून कसे होते?

असा परीक्षार्थी विरळाच. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक. या यादीत अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राची पदवी कुठेही नाही. तरीही १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रेटन वूड्सच्या परिषदेला गेले. पदवीपलीकडचा विषय कामातून आत्मसात करण्याची त्यांची ही हातोटी पहिल्या क्रमांकांपेक्षा मोठी म्हणावी लागेल.

आकडेवारीकडे ते कसे वळले?

गव्हर्नरपदी असताना १९४५ मध्ये बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग सुरू झाला. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद देशमुखांकडे आले आणि ते १९६४ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तिची तांत्रिक जबाबदारी सांख्यिकी संस्थेकडे आली. म्हणजे मंत्रीही तेच आणि संस्थेचे अध्यक्षही तेच! आज अशा व्यवस्थेवर हितसंबंधांचा प्रश्न नक्कीच उपस्थित झाला असता, आणि तो गैरलागू नसता. पण पाहणी उभी राहिली, टिकली.

गुणवत्तेचे तज्ज्ञ भारतात कशासाठी आले?

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात वॉल्टर शूहार्ट सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आले आणि कारखान्यांतून फिरले. १९५३ मध्ये मुंबईत संस्थेचे सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाचे केंद्र सुरू झाले. १९५४-५५ मध्ये गेनिची तागुची पाहुणे प्राध्यापक म्हणून कलकत्त्यात होते. प्रयोग आखण्याच्या त्यांच्या पद्धतीत ज्या ‘ऑर्थोगोनल’ सारण्या वापरतात, त्यांचा गणिती पाया याच संस्थेतल्या सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात घातला होता. या सगळ्याचे शास्त्रीय श्रेय महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. नियंत्रण आलेख देशमुखांनी काढले नाहीत. त्यांनी संस्थेला सरकारदरबारी वजन मिळवून दिले, आणि पैसा हवा असलेल्या संस्थेला त्याचीच गरज असते.

शूहार्ट नेमके काय सांगत होते?

परीक्षार्थी सर्वाधिक अडखळतात ते याच जागी. पन्नास किलोचे ड्रम भरणारे यंत्र घ्या. एक ड्रम ५०.१ किलोचा, दुसरा ४९.९ चा, असा थोडा फरक नेहमीच राहणार. प्रश्न असा की हा फरक नेहमीचा आहे की यंत्रात काही बिघडले आहे? शूहार्ट यांनी १९२४ मध्ये यासाठी आलेख सुचवला. मधोमध सरासरीची रेघ, तिच्या वर-खाली तीन-तीन ‘सिग्मा’ अंतरावर मर्यादेच्या रेघा. सर्व सुरळीत असेल आणि मोजमापांची विभागणी सामान्य असेल, तर या रेघांबाहेर हजारात साधारण तीनच बिंदू जातात. एखादा बाहेर गेला की कारण शोधायचे. बिंदू आतच असतील आणि त्यांचा काही खास क्रम दिसत नसेल, तर यंत्राला हात लावायचा नाही. प्रत्येक ड्रममागे खटका फिरवणारा कामगार फरक कमी करत नाही, वाढवतो.

दुसरी गोष्ट, या मर्यादा ग्राहक ठरवत नाही. ग्राहकाला ४९.५ ते ५०.५ हवे असेल तर ती त्याची अट झाली. नियंत्रणाच्या रेघा मात्र प्रक्रियेच्या स्वतःच्या मोजमापांतून निघतात. त्यामुळे प्रक्रिया पूर्ण नियंत्रणात असूनही माल ग्राहकाच्या अटीत न बसणे शक्य आहे. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन नेमके शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. सूत्रे पाठ करण्याआधी हा फरक आपल्याच कारखान्यातल्या पंचवीस-तीस नोंदींवर करून पाहिला, तर तो विसरला जात नाही.

पुढे देशमुखांचे काय झाले?

१९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर गेले होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरोधात जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मराठी माणसाला ते आठवतात ते बहुधा या राजीनाम्यामुळेच. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. सांख्यिकी संस्थेला १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला, तेव्हा मंत्रिपद सुटले असले तरी तिचे अध्यक्ष देशमुखच होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. ग्रीन बेल्ट आणि ब्लॅक बेल्टचे अभ्यासक्रम ही संस्था आजही चालवते.