जमनालाल बजाज

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात झाला. वर्ध्याच्या बच्छराज शेठांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. घरात पैसाच पैसा! पण आपण जगतो कशासाठी, हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा पडे.

सतराव्या वर्षी त्यांनी लग्नाला दागिने घालून जायला नाही म्हटले. आजोबा पैशावरून रागावले. तर हे संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून घरातून निघालेच! मोठ्या मिनतवारीने परत आणले.

१९२० साली आपल्या नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे त्यांनी गांधीजींना विनंती केली, की आपल्याला पाचवा मुलगा मानावे. एकतीस वर्षांचा, लेकरेबाळे असलेला माणूस नवे वडील मागतो, याचे मला फार नवल वाटले.

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांना कैद व दंड झाला. दंडासाठी सरकारने मोटार जप्त केली, पण नागपुरात ती घ्यायला कोणीच पुढे येईना! हे वाचून दाखवले तेव्हा माझी आजी खूप हसली.

१९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुन्हा विचार केला. व्यापार झाला, राजकारण झाले, आता काय? त्यांनी गोसेवा निवडली. एवढा मोठा शेठ वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडीत राहू लागला. सहा महिनेही झाले नाहीत तोच, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वारले. मग ते काम जानकीदेवींनी हाती घेतले.