अनिता अवचट

डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट (माहेरचे आडनाव सोहोनी, मृत्यू : १० फेब्रुवारी १९९७) या पुण्यातील मनोविकारतज्ज्ञ आणि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. लेखक व सामाजिक कार्यकर्ते अनिल अवचट हे त्यांचे पती होत. व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णालाच व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता म्हणून घडवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

सुनंदा सोहोनी आणि अनिल अवचट हे पुण्याच्या बी.जे. वैद्यकीय महाविद्यालयातील सहाध्यायी. विवाहानंतर अनिल यांनी लेखन आणि सामाजिक काम करावे व संसाराचा आर्थिक भार आपण उचलावा, असा निर्णय सुनंदा यांनी घेतला आणि तो अखेरपर्यंत पाळला. अनिल अवचट यांच्या लेखनाचा विचार करताना ही बाजू बहुधा ओझरतीच सांगितली जाते. मनोविकारशास्त्राकडे वळल्यानंतर त्यांनी येरवडा येथील शासकीय मनोरुग्णालयात काम केले.

मुक्तांगणची स्थापना

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजेच मराठीत रूढ झालेल्या नावाने 'गर्द', झपाट्याने पसरली. हेरॉइनचे हे अशुद्ध रूप चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढला जाई. अंमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा १९८५ साली झाला. मात्र आधीच व्यसनात अडकलेल्या मुलांवर उपचार कोठे करावेत, याचे उत्तर त्यात मिळण्यासारखे नव्हते. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु.ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. पैसा उभा राहिला तरी केंद्र चालवणार कोण, हा प्रश्न उरला होता. ती जबाबदारी अनिता यांनी स्वीकारली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगणचे काम सुरू झाले.

उपचार आणि कार्यकर्त्यांची घडण

गर्द बंद होताच अंगदुखी, जुलाब, निद्रानाश, नाक-डोळे वाहणे अशी लक्षणे दिसतात. रुग्णांच्या भाषेत ही 'टर्की'. औषधांच्या साहाय्याने हा काळ काही दिवसांत पार पडतो. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण रुग्ण त्याच घरात, त्याच मित्रांत आणि त्याच रिकामपणात परत जातो. त्यामुळे मुक्तांगणच्या निवासी उपचारांत गटचर्चा, समुपदेशन, योग, श्रम आणि कुटुंबीयांशी संवाद यांना औषधांइतकेच महत्त्व मिळाले. मारहाण आणि कोंडून ठेवणे या गोष्टींना तेथे थारा नव्हता. मनोरुग्णालयाच्या भिंतीआड चालणाऱ्या केंद्राने हा नियम पाळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

असे उपचार करू शकणारी प्रशिक्षित माणसे तेव्हा जवळजवळ नव्हतीच. मनोविकारशास्त्राच्या अभ्यासक्रमात व्यसनाधीनता हा अनेक विषयांपैकी एक होता. त्यातील स्वतंत्र अतिविशेष पदवी भारतात अस्तित्वात नव्हती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचार केंद्रदेखील १९८८चे, म्हणजे मुक्तांगणनंतरचे. या परिस्थितीत अनिता यांनी माणसे शोधली ती रुग्णांमधूनच. एका व्यसनी माणसाला दुसरा व्यसनी माणूसच अधिक समजून घेऊ शकतो, हे सूत्र १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मुळाशी आहे. मुक्तांगणमध्ये याच सूत्राला संस्थेच्या रोजच्या कारभारात स्थान मिळाले. बरे झालेले रुग्ण वॉर्ड सांभाळू लागले, नव्या रुग्णाच्या टर्कीत त्याच्या उशाशी बसू लागले आणि पुढे समुपदेशकही झाले.

यात धोका उघड होता. कार्यकर्ताच पुन्हा व्यसनाकडे वळला, तर त्याच्याबरोबर संस्थेची विश्वासार्हताही पणाला लागणार होती. परंतु व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे, अशी त्यांची भूमिका होती. घसरलेल्याला अपराधी न मानता पुन्हा उपचारांत घ्यावे, हे त्यातूनच आले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीही या कामाची सुरुवात आईच्या हाताखाली केली.

काळाच्या ओघात केंद्रात गर्दपेक्षा दारूचे रुग्ण अधिक येऊ लागले आणि हा प्रश्न शहरांपुरता राहिला नाही. अनिता यांच्या पश्चात केंद्र शासनाने मुक्तांगणला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला. महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती संस्थांचे समुपदेशक, परिचारक व कार्यकर्ते यांना प्रशिक्षण देण्याचे काम त्याच्याकडे आले. खानदेशातील जळगाव, धुळे यांसारखे पुणे-मुंबईपासून दूरचे जिल्हेही त्यामुळे या कार्यक्षेत्रात आले. अशा जिल्ह्यांत व्यसनोपचाराची मदार मूठभर मनोविकारतज्ज्ञांपेक्षा प्रशिक्षित कार्यकर्त्यांवरच अधिक असते.

आजारपण व मृत्यू

अनिता अवचट यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार चालू असतानाही त्यांनी केंद्राचे काम सोडले नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

स्मृती

मुक्तांगण नंतर येरवड्याच्या मोहनवाडी भागात स्वतःच्या इमारतीत गेले. व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही पुढे सुरू झाला. अनिता यांच्या स्मृतिदिनानिमित्त, प्रतिकूल परिस्थितीशी झगडून काम उभे करणाऱ्या व्यक्तींना डॉ. अनिता अवचट संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. अनिल अवचट यांच्या 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात केंद्राच्या वाटचालीची हकीकत आली आहे.