पोलीस कोर्टांतील कारकून आणि बेसेमर सुवर्णपदक

सर हेन्री बेसेमर यांनीं दिलेल्या देणगींतून इंग्लंडांतील आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट ही संस्था १८७४ सालापासून लोखंड-पोलादाच्या धंद्याची मोठी सेवा करणारास एक सुवर्णपदक देऊं लागली. पदकें जमविणारे रसिक अशा पदकाचें मोल केवळ सोन्याच्या वजनावर ठरवीत नाहींत. तें कोणास मिळालें होतें हें ते आधीं पाहतात. १८८३ सालीं हा मान ज्या दोघांस मिळाला त्यांपैकीं सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा चारच वर्षांपूर्वीं लंडनच्या पोलीस कोर्टांत कारकून होता.

थॉमसचा जन्म १८५० सालीं लंडन येथें झाला. डॉक्टर होण्याचा त्याचा मानस होता. परंतु १८६७ सालीं वडील वारले व त्यास नोकरी धरावी लागली. दिवसा खटल्यांचीं टिपणें करावीं आणि रात्रीं बर्कबेक इन्स्टिट्यूशनमध्यें रसायनशास्त्राचीं व्याख्यानें ऐकावीं, असा त्याचा क्रम असे. बेसेमरच्या भट्टींत फॉस्फरस नाहींसा करण्याची युक्ति जो काढील त्याचें भाग्य उघडेल, हें त्यानें तेथेंच ऐकलें.

फॉस्फरस राहिलेलें पोलाद ठिसूळ होतें, आणि युरोपांतील बरेंचसें खनिज तर फॉस्फरसयुक्तच! भट्टीचें अस्तर वाळूच्या जातीच्या आम्लधर्मी द्रव्याचें असल्यामुळें हा दोष लोखंडांतच राही. अस्तर चुनखडीच्या जातीचें केलें व भट्टींत चुनाही टाकला, तर फॉस्फरस चुन्याशीं संयोग पावून मळींत उतरेल, असें थॉमसनें ताडलें. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधील ब्लेनाव्हन येथील कारखान्यांत रसायनज्ञ होता. त्याच्या साहाय्यानें तेथें प्रयोग झाले.

१८७८ च्या मार्चमध्यें थॉमसनें इन्स्टिट्यूटच्या सभेंत आपलें यश जाहीर केलें. पण ह्या अपरिचित तरुणाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. त्याच वर्षीं पॅरिसच्या सभेंत त्याचा निबंध वाचावयाचा होता, तोही पुढें ढकलण्यांत आला. अखेर १८७९ च्या एप्रिलमध्यें मिडल्सब्रो येथें मोठ्या भट्टींत प्रयोग यशस्वी झाला आणि देशोदेशींच्या कारखानदारांची रीघ लागली. तेव्हां कोठें त्यानें कोर्टाची नोकरी सोडली. गंमत अशी कीं, टाकाऊ वाटणारी ती मळीही दळून शेतांत उत्तम खत ठरली.

पदक हातीं आलें तोंवर फुप्फुसाच्या विकारानें त्याचें शरीर पोखरलें होतें. हवापालटासाठीं केलेला दूरचा प्रवासही उपयोगी पडला नाहीं. १ फेब्रुवारी १८८५ रोजीं पॅरिस येथें, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, तो निवर्तला. मिळविलेलें धन लोकहिताच्या कामीं लावण्याची जबाबदारी त्यानें आपल्या बहिणीवर सोंपविली होती.