जर्मनीचा ओहम आणि परभणीचा पिकअप

जगात जर्मनी आणि देशात परभणी, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. म्हणणारा कधी अभिमानानं म्हणतो, कधी टोमणा म्हणून. आमच्या काकांच्या जुन्या पिकअपनं मात्र ही दोन ठिकाणं खरोखरच जोडून दाखवली. जोडणारा माणूस म्हणजे जॉर्ज सायमन ओहम. शाळेपासून आपण त्याच्या नियमाची गणितं सोडवतोय, पण माणूस कोण होता ते सिलॅबसमध्ये नाही.

आधी पिकअपचं सांगतो. ऐन कापसाच्या सीझनमध्ये गाडी सकाळी सेल्फ घेईना. नुसती कुंथायची. माल मानवतला न्यायचा, अन् रोज चार माणसं धक्क्याला! काकांनी नवी बॅटरी टाकली. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून बांधून आणला. तरी तेच. घरात इंजिनिअरिंगचा मुलगा असल्यामुळे मलाही पाचारण झालं. मी मीटर लावला, इंजिन ते बॅटरीची निगेटिव्ह बाजू कंटिन्युइटी बघितली, बीप वाजला. अर्थ ठीक आहे, असा निकाल देऊन मी मोकळा झालो. तो निकाल साफ चुकला होता.

आता ओहमकडे वळू. त्याचा जन्म 1789 मध्ये एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळा फारशी नाही, पण स्वतः पुस्तकं वाचून गणित आणि विज्ञान शिकलेले, आणि तेच त्यांनी मुलांना घरी शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. भावंडं बरीच होती, त्यातली तिघंच जगली. जॉर्जचा धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. कुलपांच्या त्या घरात जॉर्जच्या हाताला धातूची सवय लागली, ती पुढे फार कामाला आली.

1805 मध्ये तो विद्यापीठात गेला आणि (हॉस्टेलवाल्यांनी लक्ष द्यावं) नाचणं, बर्फावरची घसरगुंडी आणि बिलियर्ड्स यात रमला. वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण सुटलं आणि स्वारी स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा मास्तर म्हणून रवाना झाली. तिथे स्वतःच अभ्यास करून 1811 मध्ये परत येऊन त्यानं डॉक्टरेट मिळवली. पण पगार तुटपुंजा, म्हणून पुन्हा शाळामास्तरकी. बाम्बर्गची शाळा पुढे बंद पडली. भूमितीवर लिहिलेलं एक पुस्तक त्यानं थेट प्रशियाच्या राजाला पाठवलं, आणि 1817 मध्ये कोलोनच्या शाळेत नोकरी लागली. या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. तिथेच त्याचं खरं काम झालं.

प्रश्न साधा वाटतो: तार लांब केली की प्रवाह किती कमी होतो? 1825 मध्ये त्यानं यावर पहिला निबंध छापला, आणि त्यातलं सूत्र चुकलं! दोष डोक्याचा कमी, बॅटरीचा जास्त. त्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच बसायच्या. मग पोगेनडॉर्फ या संपादकानं त्याला उष्णतेवर चालणारा विद्युतस्रोत वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांबं जोडायचं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज अगदी थोडं, पण हलत नाही. प्रवाह मोजायला तारेवर टांगलेली चुंबकसुई, तीही स्वतः बनवलेली. तांब्याच्या सारख्याच जाडीच्या आठ तारा घेतल्या: 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच.

1826 मध्ये निघालेलं सूत्र आपल्या पुस्तकातल्यासारखं नव्हतं. प्रवाह म्हणजे अ भागिले (ब अधिक तारेची लांबी), असं ते होतं. यातला 'अ' स्रोताचा जोर. आणि 'ब'? तपासायच्या तारेखेरीज सर्किटमध्ये जे जे काही आहे, सांधे, पट्ट्या, खुद्द स्रोत, त्या सगळ्यांचा मिळून अडथळा. त्याच्या उपकरणात तो सुमारे 20 इंच तारेएवढा भरला. म्हणजे 2 इंची तार जोडली तरी प्रवाहाला 22 इंच चालावं लागत होतं. मला विचाराल तर ओहमचा मोठेपणा या 'ब'मध्ये आहे. जे मोजायला घेतलं नव्हतं, तेही हिशेबात धरायचं त्याला सुचलं.

रजा घेऊन अर्ध्या पगारावर तो बर्लिनला गेला आणि 1827 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. मोठं पद मिळेल ही आशा होती. झालं उलटंच! जर्मनीतल्या अनेक विद्वानांना निसर्गाला असं गणितात बांधणं पटलं नाही. एका समीक्षकानं तर पुस्तकाचे वाभाडे काढले. ओहमनं कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये थोड्या तासांच्या शिकवणीवर काढली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ले पदक दिलं, तेव्हा घरच्यांनाही त्याची किंमत कळू लागली. म्युनिक विद्यापीठात प्रयोगात्मक भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं 1852 मध्ये, वय 63! दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी तो वारला. लग्न केलं नव्हतं. 1881 मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेनं रोधाच्या एककासाठी त्याचं नाव स्वीकारलं.

आता पुन्हा पिकअप. गाडीत परतीची वेगळी तार नसते. बॅटरीची निगेटिव्ह चेसीला, चेसी इंजिनला एका विणलेल्या पट्टीनं जोडलेली, आणि दिव्यांपासून सेल्फपर्यंत सगळ्यांचा प्रवाह त्याच वाटेनं घरी येतो. जिंतूर रोडवरच्या एका वस्तादानं सेल्फ मारायला लावून क्लच केबलला हात लावला. गरम! पट्टी नीट वाहत नव्हती, म्हणून प्रवाह केबलमधून वाट काढत होता. त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला जंपर केबल लावली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

मग मी केबल काढून मीटर व्होल्टवर ठेवला. एक टोक निगेटिव्हला, एक इंजिनच्या उघड्या धातूला, अन् सेल्फ मारला. आकडा दोनच्या वर! अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच म्हणायचा. हिशेब करा: सेल्फ ओढतो 200 अँपिअर धरा, तर 0.01 ओहमवर 2 व्होल्ट गेले. तेवढाच रोध 5 अँपिअरच्या दिव्याला 0.05 व्होल्ट खातो, म्हणून दिवे छान लागतात. आणि साध्या मीटरच्या बीपला 0.01 ओहम दिसतच नाही. म्हणजे लोड देऊनच तपासायला हवं होतं. 'ब' माझ्या नाकासमोर होता, बोल्टखालच्या गंजात आणि रंगात.

पट्टी नवी टाकली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. आता तीच चाचणी 0.2 दाखवते. पहिली बॅटरी चांगलीच होती, पण ती दुकानात भंगाराच्या भावानं जमा झाली होती. काका अजून मला त्यावरून ऐकवतात.