बोर्डिंगच्या पोरांची आई

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं एका मुलीची फी भरली. वह्या दिल्या, गणवेश शिवून दिला. दिवाळीनंतर ती शाळेत यायचीच बंद झाली. घरी गेले तेव्हा कळलं, आई दिवस उगवायच्या आत मजुरीला जाते, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही. फी भरून आम्ही मोकळ्या झालो होतो. पोरगी जेवते काय, अभ्यास करते कधी, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला लक्ष्मीबाई आठवल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती होते, अण्णांच्या फोटोला हार पडतो, पण लक्ष्मीबाईंचं दोन वाक्यांत आटोपतं. म्हणून आज थोडं त्यांच्या बाजूनं सांगते.

अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. खेड्यातली गरीब पोरं, मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी एका छपराखाली. अण्णा वर्गणी नि धान्यासाठी गावोगाव फिरत, मागं घर बघायच्या लक्ष्मीबाई. त्या वाढल्या सोवळ्या-ओवळ्यात. परजातीच्या पोरांना आपल्या चुलीपाशी घेणं त्यांना सोपं गेलं असेल का? आपण आपल्या सासूबाईंना आठवून बघावं! पण त्यांनी ते केलं. कुणाला ताप आला, कुणाला घरची आठवण आली, तर पोरं त्यांच्याकडेच यायची.

पैसा कधीच पुरला नाही. एकेक करून लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. एकदा अण्णा बाहेरगावी असताना धान्य संपलं आणि त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडायला दिलं. त्या काळच्या बाईनं, नवरा हयात असताना! लोक काय म्हणतील, यापेक्षा पोरं रात्री काय खातील, याची काळजी त्यांना मोठी वाटली.

१९२७ साली गांधीजी बोर्डिंग पाहायला आले, त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पुढं तीनच वर्षांनी, १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांना बघायला मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अण्णा मात्र थांबले नाहीत. पोरांनी शेतात राबायचं, स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. फुकट घेतलं ही लाज नको, म्हणून कमवा आणि शिका. पोरगं हुशार दिसलं की अण्णा शाळेपुरतं बघून सोडून देत नसत. पी. जी. पाटील हे त्यांचेच विद्यार्थी. ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. एवढ्या लांबपर्यंत पोराचा हात धरून ठेवायचा म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. एका वर्षाच्या फीनं ते होत नाही. १९५९ साली अण्णा गेले.

त्या मुलीकडे मी पुन्हा गेले. शेजारच्या आजी भावाला सांभाळायला तयार झाल्या, त्यांना महिन्याला थोडे पैसे मंडळ देतं. संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर अभ्यासाला येते, आधी पोळी-भाजी खाते. आता नववीत आहे. गणितात अजून कच्ची आहे.