आल्डो लिओपोल्ड

आल्डो लिओपोल्ड (११ जानेवारी १८८७ – २१ एप्रिल १९४८) हे अमेरिकन वनाधिकारी, परिस्थितिवैज्ञानिक, लेखक आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक होते. वन्यजीव व्यवस्थापन या शास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

लिओपोल्ड यांचा जन्म आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. लांडगे नाहीसे झाले की शिकारीसाठी हरणे वाढतील, अशी त्या काळी समजूत होती. ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथे काम करताना लिओपोल्ड यांनीही लांडग्यांच्या निर्मूलनाचा पुरस्कार केला. मात्र, न्यू मेक्सिकोतील हिला वनाचा मोठा भाग रस्त्यांपासून मुक्त राखला जावा, यासाठीही त्यांनीच प्रयत्न केले. १९२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी त्यांची बदली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे झाली.

अध्यापन व संशोधन

१९३३ मध्ये त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या या सार्वजनिक विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे अमेरिकेतील पहिले प्राध्यापकपद निर्माण केले. हे पद आरंभी कृषी अर्थशास्त्र विभागात होते. वन्यजीव व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग १९३९ मध्ये स्थापन झाला. विद्यार्थ्यांना शेतात व रानात नेऊन माती, वनस्पती आणि प्राणी यांचे परस्परसंबंध ओळखायला शिकवणे, हे त्यांच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य होते.

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी कस गेलेली शेतजमीन विकत घेतली. तेथे कुटुंबीयांसह त्यांनी पाइनची हजारो रोपे लावली. दुष्काळात अनेक रोपे जळाली, तरी लागवड चालूच राहिली.

दरम्यान त्यांचे पूर्वीचे मत पूर्णपणे बदलले होते. शिकारी प्राणी नष्ट झाल्यावर हरणे बेसुमार वाढतात, वनातील कोवळी झाडे खाऊन टाकतात आणि अखेर स्वतःही उपासमारीने मरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९४३ पासून राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य असताना त्यांनी हरणांची संख्या घटवण्यासाठी माद्यांच्या शिकारीलाही परवानगी देण्याचे समर्थन केले. त्यामुळे त्यांना तीव्र लोकविरोध सहन करावा लागला.

मृत्यू व वारसा

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतात लागलेला वणवा विझवण्यास मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हा त्यांचा निबंधसंग्रह १९४९ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला. माणूस हा भूमीचा स्वामी नसून माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्या समुदायाचा केवळ एक घटक आहे, ही भूमिनीती त्यात मांडलेली आहे. संवर्धन जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांत हा ग्रंथ आजही वाचला जातो.